क्लिपवर धरलेला खडा: किडनीच्या ऑपरेशननंतर आत राहिलेलं सामान कसं शोधतात आणि कसं काढतात

किडनीतली गाठ काढली, किडनी वाचली, रिपोर्टही चांगला आला. मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी त्याच बाजूला कळ येते, लघवी लालसर होते आणि सोनोग्राफीत ‘८ मिमीचा खडा’ असं लिहून येतं. अशा रुग्णाला बहुतेक वेळा नेहमीच्या मुतखड्याच्या वाटेला लावतात. भरपूर पाणी प्या, गोळ्या घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा. युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, ऑपरेशन थिएटरात (ओटीत) काम करणाऱ्यांनी इथेच थांबून आधी जुनी फाइल मागवायला हवी. खडा ज्या वस्तूवर धरला आहे ती वस्तू बाहेर येत नाही तोवर हा त्रास संपत नाही. खडा फोडला तरी त्याच जागी नवा धरतो.

ही वस्तू, म्हणजे बहुधा क्लिप किंवा टाक्याचा दोरा, आत पोचते कशी, ते आधी पाहू. पार्शल नेफ्रेक्टॉमीत, म्हणजे किडनीचा फक्त गाठीचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेत, गाठ काढल्यावर किडनीत खड्डा उरतो. त्याच्या तळाशी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आणि उघडलेला कॅलिक्स (किडनीत लघवी गोळा होण्याचा छोटा कप्पा) आतल्या थराच्या टाक्यांनी बंद करतात. त्यासाठी साधारण ३-० जाडीचा विरघळणारा दोरा वापरतात. मग वरून ० किंवा १ नंबरच्या व्हिक्रिल या विरघळणाऱ्या दोऱ्याने किडनीच्या कडा जवळ आणतात. किडनीचं मांस मऊ असतं, नुसता दोरा ओढला तर तो चिरत आत जातो. म्हणून दोऱ्याच्या दोन्ही टोकांना क्लिप लावतात आणि ती क्लिप दोऱ्यावरून सरकवत हवा तेवढा ताण देतात. बेनवे, भयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ही सरकत्या क्लिपची पद्धत आता रोबोटिक आणि लॅप्रोस्कोपिक शस्त्रक्रियेत सर्रास वापरली जाते. कारण रास्त आहे. किडनीच्या धमनीला क्लॅम्प (रक्त थांबवणारा चिमटा) लावलेला असताना एकेक मिनिट मोलाचं असतं, शक्यतो २५ मिनिटांच्या आत क्लॅम्प सोडायचा असतो, आणि आत गाठी मारत बसण्यापेक्षा क्लिप कितीतरी लवकर लागते.

क्लिप बहुधा हेमोलॉक असते, म्हणजे न विरघळणाऱ्या प्लास्टिकची. तिला दोन हात, मागे बिजागरी, पुढे आकडा आणि आतल्या बाजूला बारीक दाते असतात. जांभळ्या कार्ट्रिजमधली ‘लार्ज’ ५ ते १३ मिमीच्या रक्तवाहिनीसाठी, हिरव्यातली ‘मीडियम-लार्ज’ ३ ते १० मिमीसाठी. क्लिप स्वतः पांढरट असते, हे लक्षात असू द्या, पुढे दुर्बिणीत तोच रंग शोधायचा आहे. व्हिक्रिल ५६ ते ७० दिवसांत शोषला जातो. काटेरी दोऱ्यांपैकी व्ही-लॉक १८० ला सुमारे १८० दिवस लागतात. लॅप्रा-टाय नावाची क्लिप पीडीएस दोऱ्याच्याच द्रव्याची असते, ती साधारण सहा महिन्यांत जाते. हेमोलॉक मात्र कायम राहते. म्हणजे अडीच महिन्यांनी दोरा गेलेला असतो आणि क्लिप काहीही धरून न ठेवता किडनीच्या पृष्ठभागावर नुसती पडून असते.

बहुतेक क्लिपा तिथेच, चरबीत, जन्मभर निमूट राहतात. त्यांचा काही उपद्रव नाही आणि त्या काढायला जाऊही नये. थोड्याच क्लिपा आत सरकतात, आणि त्याची कारणं जवळपास ठरलेली आहेत. ताण जास्त दिला गेला आणि क्लिप कॅप्सूल (किडनीचं बाहेरचं पातळ आवरण) दाबून मांसात रुतली, तर तिच्याखालचं मांस रक्त न मिळाल्याने मरतं आणि वाट तयार होते. आतल्या थराच्या दोऱ्याच्या टोकाला लावलेली क्लिप खड्ड्याच्या कडेलाच, कॅलिक्सच्या अगदी जवळ राहिली, तरी तेच होतं. ऑपरेशननंतर लघवी झिरपत राहिली किंवा तिथे पू झाला, तर पोकळी बुजताना क्लिप आतल्या बाजूला ओढली जाते.

न विरघळणाऱ्या दोऱ्याची गोष्ट जरा वेगळी. प्रोलीन, सिल्क, एथिबॉण्ड हे दोरे मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तरातून घ्यायचेच नाहीत, हा युरॉलॉजीतला जुना आणि पक्का नियम आहे. तरी रक्तस्राव थांबेना तेव्हा घाईत घातलेला एखादा प्रोलीनचा टाका कॅलिक्सच्या अस्तरातून जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो दिसत नाही, त्रासही देत नाही. पुढे त्याच्यावर खडा धरतो.

खडीसाखर करणारे पाकात दोरे सोडतात, कारण स्फटिकाला बसायला जागा लागते. लघवीत हेच घडतं. कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट प्रत्येकाच्या लघवीत विरघळलेले असतात. आधार नसेल तर त्यांचे स्फटिक पडायला तीव्रता बरीच वाढावी लागते, परकी वस्तू असेल तर त्याहून कमी तीव्रतेवर काम भागतं. वस्तूवर आधी लघवीतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो, त्यावर स्फटिक चिकटतात. दोऱ्याची गाठ, क्लिपचे दाते, बिजागरीची खाच ही त्यांची लाडकी ठिकाणं. जंतूंचा थर बसला तर वेग वाढतो. प्रोटियससारखे जंतू युरियापासून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइट (संसर्गामुळे होणारा खडा) व कॅल्शियम फॉस्फेटचे थर झपाट्याने चढतात. म्हणून लघवीच्या साध्या तपासणीत पीएच ७ च्या वर सतत येत असेल आणि जुन्या ऑपरेशनचा इतिहास असेल, तर कल्चरचा (लघवीत कोणते जंतू आहेत त्याचा) रिपोर्ट हातात येईपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही.

फाइलमध्ये काय शोधायचं? डिस्चार्ज कार्डावर ‘लॅप पार्शल नेफ्रेक्टॉमी, रिकव्हरी अनइव्हेंटफुल’ एवढंच असतं, त्याने काही कळत नाही. ओटी नोट हवी. आतल्या थराला कोणता दोरा, बाहेरच्या थराला कोणता, किती क्लिपा, कोणत्या, सर्जिसेलची (रक्त थांबवणाऱ्या विरघळणाऱ्या जाळीची) गुंडाळी ठेवली होती का, कलेक्टिंग सिस्टिम (किडनीतली लघवी गोळा होण्याची पोकळी) उघडली होती का, डीजे (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची तात्पुरती नळी) घातला होता का, नंतर रक्तस्रावासाठी एम्बोलायझेशन (रक्त सांडणारी धमनी आतून बंद करणं) झालं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. एम्बोलायझेशनच्या धातूच्या कॉइलही कधीकधी कॅलिक्समध्ये शिरतात आणि त्यांच्यावर खडा धरतो. ती कॉइल धमनीच्या भिंतीला आलेल्या एखाद्या फुग्याचं बूच असू शकते. अँजिओग्राफी न पाहता ती बास्केटने (दुर्बिणीतून घालायच्या तारेच्या पिंजऱ्याने) ओढणं म्हणजे रक्ताचा नळ उघडणं. नोट मिळत नसेल तर निदान स्टोअरचं बिल मागवावं. वापरलेल्या कार्ट्रिज आणि दोऱ्यांची नावं त्यावर असतात आणि त्यावरून बराच उलगडा होतो.

आता सीटी. साध्या एक्स-रेवर हेमोलॉक दिसत नाही, दिसतं ते तिच्यावरचं कॅल्शियमचं कवच. टायटॅनियमची क्लिप आणि कॉइल लख्ख दिसतात. म्हणून काँट्रास्टशिवायचा (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध न देता केलेला) सीटी केयूबी, म्हणजे किडनी ते मूत्राशयाचा सीटी, १ मिमीच्या पातळ छेदांत मागवावा आणि बोन विंडोमध्ये (हाडं पाहायच्या सेटिंगवर) पाहावा. नेहमीच्या विंडोत दाट खडा एकसंध पांढरा दिसतो. बोन विंडोत आतली सरळ, काठीसारखी, वेगळ्या घनतेची रेघ उठून दिसते. मुतखडा निसर्गतः अशी सरळ रेघ काढत नाही. दुसरी खूण जागेची. खडा बरोबर जुन्या व्रणाच्या समोरच्या कॅलिक्समध्ये असतो. तिसरी खूण हालचालीची. रुग्णाला पालथं झोपवून तोच छेद पुन्हा घेतला तर मोकळा खडा खाली सरकतो, दोऱ्याला लटकलेला किंवा मांसात अर्धा रुतलेला सरकत नाही.

एक प्रश्न मात्र साध्या सीटीने सुटत नाही. क्लिप कलेक्टिंग सिस्टिमच्या आत आहे की भिंतीला बाहेरून टेकून आहे? त्यासाठी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असेल तर काँट्रास्ट देऊन उशिराचा, म्हणजे काँट्रास्ट लघवीत उतरल्यावरचा टप्पा घ्यावा. क्लिपच्या चारही बाजूंनी काँट्रास्ट असेल तर ती आत आहे. एकाच बाजूला असेल तर दुर्बीण घालून काही सापडेलच असं नाही, आणि तसं रुग्णाला आधी सांगून ठेवावं. त्याच स्कॅनमध्ये धमनीचा टप्पाही घेतला तर व्रणाजवळ फुगा आहे की नाही हेही कळतं. लघवीतून रक्त जात असेल तर तो टप्पा वगळू नये. रेडिओलॉजिस्टला फॉर्मवर जुन्या ऑपरेशनची माहिती दिली नाही, तर व्रण, सर्जिसेल आणि क्लिप मिळून दिसणारी गाठ ‘पुन्हा आलेली गाठ’ म्हणून लिहिली जाऊ शकते, आणि घरच्यांची झोप उडते.

उपचारांत काय चालत नाही ते आधी सांगतो. बाहेरून लहरी देऊन खडा फोडणं इथे बहुधा वाया जातं. कवच फुटतं, क्लिप जागच्या जागी राहते. गोळ्या देऊन खडा पडायची वाट पाहणं छोट्या, मोकळ्या क्लिपच्या बाबतीत कधी यशस्वी होतं. लघवीवाटे क्लिप आपोआप पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पण आकडा आणि दाते असलेली वस्तू मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते त्या तोंडाशी अडकली की किडनी फुगते. म्हणून वाट पाहायचीच तर लघवी गाळून घ्यावी, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि ही मुदत दोन-तीन आठवड्यांपलीकडे लांबवू नये. कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं घरोघरी सांगितली जातात. कढण पिऊन लघवी वाढली तर चांगलंच आहे. पण प्लास्टिक आणि प्रोलीन त्याने विरघळत नाही, आणि खडा विरघळेल या आशेवर गेलेले महिने किडनीला महाग पडतात.

साधारण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतच्या खड्याला आम्ही आरआयआरएस निवडतो, म्हणजे लघवीच्या वाटेने वर जाणारी लवचिक दुर्बीण. त्याहून मोठा असेल किंवा खालच्या कॅलिक्सच्या अरुंद मानेत असेल तर पीसीएनएल, म्हणजे पाठीतून छिद्र पाडून दुर्बीण घालणं. पण जुन्या ऑपरेशनच्या किडनीला पाठीतून छिद्र पाडताना दोन गोष्टी बदललेल्या असतात. किडनी भोवतालच्या ऊतींना चिकटलेली असते, त्यामुळे ती श्वासाबरोबर फारशी हलत नाही आणि वाट रुंद करताना डायलेटरला व्रणाचा कडक विरोध होतो. आतडंही जागेवरून सरकून किडनीच्या मागे आलेलं असू शकतं. सुई कुठून घालायची ते सीटी समोर ठेवूनच ठरवायचं, सवयीच्या जागेवरून नाही.

आरआयआरएसच्या दिवशी कल्चरनुसार अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. भूल दिल्यावर सिस्टोस्कोपी (मूत्राशयाची दुर्बीण), मग पातळ केलेला काँट्रास्ट वर सोडून आतला नकाशा फ्लुरोस्कोपीवर, म्हणजे चालत्या एक्स-रेवर, पाहायचा. ०.०३५ इंचाची वायर वर, शेजारी दुसरी सुरक्षेची. सेमी-रिजिड दुर्बिणीने मूत्रवाहिनी पाहून घ्यायची आणि मग १०/१२ किंवा ११/१३ फ्रेंचची ॲक्सेस शीथ, म्हणजे दुर्बीण ये-जा करण्यासाठीची पोकळ नळी, सरकवायची. फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणून ११ फ्रेंचचा आतला व्यास ३.७ मिमीच्या आतच. शीथ अडली तर जोर करायचा नाही. डीजे घालून दोन आठवड्यांनी परत यायचं, तेवढ्यात मूत्रवाहिनी सैल होते. रुग्णाला हे आधी सांगितलेलं असलं की ‘ऑपरेशन अर्धवट झालं’ असं त्याला वाटत नाही.

होल्मियम लेझरचा २०० मायक्रॉनच्या आसपासचा फायबर, सुरुवात ०.३ ते ०.५ ज्यूल आणि २० ते ४० हर्ट्झवर. कवच वरून खरवडत न्यायचं. दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट, आणि तो विनाकारण वाढवला की आतलं पाणी तापतं. सलाइनचा प्रवाह सुरू राहायला हवा, पण दाबाने भरायचं नाही. संसर्गाचा खडा असेल तर दाबामुळे जंतू रक्तात जातात. खडा पिवळट-तपकिरी धुळीत उडत असतो आणि मग एका क्षणी धूळ निघणं थांबतं. फायबरच्या टोकाशी गुळगुळीत, पांढरी कड दिसते, शेजारी दात्यांची बारीक ओळ. इथे आपण क्लिपपर्यंत पोचलेलो असतो, आणि इथेच घाई नडते. क्लिपच्या अंगावरचं उरलेलं कवच आधी पूर्ण काढायचं. ते राहिलं तर क्लिप शीथमधून निघत नाही.

क्लिप मोकळी असेल तर निटिनॉलच्या बास्केटने धरायची, तीही टोकाला. मध्यावर धरली तर ती आडवी होते आणि शीथच्या तोंडावर अडकते. अडकलीच तर शीथ, दुर्बीण आणि क्लिप एकत्र, सुरक्षेची वायर आत ठेवून, दिसत असतानाच हळूहळू बाहेर आणायचं. हाताला विरोध जाणवला की थांबायचं, मूत्रवाहिनी सोलून निघण्याचा धोका खरा आहे. क्लिप उघडी असेल, मोठी असेल किंवा एक हात मांसात रुतलेला असेल तर लेझरने तिचे तुकडे करायचे. होल्मियम हे प्लास्टिक कापतो. ०.८ ते १ ज्यूल, ८ ते १० हर्ट्झ, नेम बिजागरीवर. प्लास्टिक वितळून काळं पडतं, दिसणं कमी होतं, म्हणून दोन-चार फटके मारून पाणी स्वच्छ होऊ द्यायचं. टायटॅनियमच्या क्लिपवर लेझर चालवण्यात अर्थ नाही. तिच्याभोवतीचं अस्तर मोकळं करून ती सोडवायची. आणि बास्केट उघडी असताना लेझर सोडायचा नाही, तार तुटून आत नवीन परकी वस्तू राहते.

दोऱ्याचा खडा वेगळा ओळखू येतो. पाण्याचा झोत मारला की तो सरकत नाही, जागच्या जागी झुलतो. कवच फोडल्यावर निळसर प्रोलीनचा फास दिसतो, दोन्ही बाजूंनी अस्तरात शिरलेला. ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक कोणत्या रक्तवाहिनीला वेढून आहे हे दुर्बिणीतून कळत नाही. दोन्ही बाजूंनी अस्तराला लागून कापायचा, मधला तुकडा काढायचा. उरलेली टोकं आत सरकतात आणि त्यांच्यावर अस्तर चढतं. दोन-तीन मिमी टोक बाहेर लोंबत राहिलं तर तिथेच पुन्हा खडा धरेल, म्हणून जवळून कापण्यात कसर नको.

बाहेर आलेले तुकडे ट्रॉलीवर ओल्या गॉजवर मांडायचे. दोन हात, बिजागरी, आकडा. जुळवून पूर्ण क्लिप होते का ते सिस्टरने आणि सर्जनने मिळून पाहायचं. एखादा तुकडा कमी असेल तर सी-आर्मचा (ओटीतल्या एक्स-रे यंत्राचा) उपयोग नाही, प्लास्टिक त्यावर दिसत नाही. दुर्बीण परत घालून प्रत्येक कॅलिक्स पाहावा लागतो. हे सगळं साधारण दीड तासात आटपावं, त्यापुढे संसर्गाचा धोका वाढतो. काम राहिलं तर डीजे घालून दुसऱ्या बैठकीत करणं शहाणपणाचं.

शेवटी डीजे घातला जातो, साधारण एक-दोन आठवड्यांसाठी. आणि हा डीजे हेही आत राहिलेलं सामानच आहे. कळ थांबली, माणूस गावी गेला, पेरणी आली, लग्न आलं, डीजे राहून गेला, असं आपल्याकडे फार होतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या आत काढलेल्या डीजेंपैकी ९.२ टक्क्यांवर थर चढलेला होता, सहा ते बारा आठवड्यांत ४७.५ टक्क्यांवर, आणि त्यानंतर ७६.३ टक्क्यांवर. विसरलेला डीजे ओपीडीत चिमट्याने ओढून पाहू नये. आधी एक्स-रे किंवा सीटी. मूत्राशयातल्या वेटोळ्यावरचा खडा आधी, मग मूत्रवाहिनीतला भाग, मग किडनीतलं वेटोळं, हा क्रम. वरचं वेटोळं खड्यात जखडलेलं असताना खालून ओढलं तर डीजे तुटतो, नाही तर मूत्रवाहिनी फाटते. प्रत्येक ओटीत डीजेचं वेगळं रजिस्टर हवं. त्यात घातल्याची तारीख, काढायची तारीख आणि घरच्या दोघांचे फोन नंबर असावेत.

खडा तपासायला पाठवताना कवच कोरड्या डबीत, प्लास्टिक दुसऱ्या डबीत. फॉर्मलिन नको. इन्फ्रारेड तपासणीत प्लास्टिक मिसळलं तर उत्तर गोंधळतं. स्ट्रुव्हाइट आला तर अँटिबायोटिक नीट पूर्ण करून कल्चर पुन्हा करायचं. कॅल्शियम ऑक्झलेट आला, दुसऱ्या किडनीतही खडे असले, तर २४ तासांची लघवी तपासावी. फक्त क्लिपवरचाच एक खडा असेल तर त्या तपासणीतून फारसं हाती लागत नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी दोन शब्द. आतल्या थराच्या दोऱ्याचं टोक कॅप्सूलबाहेर खड्ड्याच्या कडेपासून लांब काढावं, तिथे हेमोलॉकऐवजी विरघळणारी क्लिप किंवा काटेरी दोरा वापरावा. क्लिप कॅप्सूलवर टेकली, किडनीला किंचित खळगा पडला की ताण पुरे. क्लिपांची संख्या आणि प्रकार ओटी नोटमध्ये लिहावा आणि तीच ओळ डिस्चार्ज कार्डावर उतरवावी. ‘बाहेरच्या थरावर न विरघळणाऱ्या ६ क्लिपा’ इतकं वाक्य असलं तरी पुढच्या डॉक्टरचं अर्धं काम झालं. एमआरआय काढता येईल का, असं रुग्ण विचारतात. हेमोलॉक प्लास्टिकची आणि टायटॅनियम अचुंबकीय, त्यामुळे बहुधा अडचण येत नाही, पण स्कॅन करणाऱ्यांना सांगावं.

डीजे निघाल्यावर चार-सहा आठवड्यांनी सोनोग्राफी, किडनी फुगलेली नाही ना हे पाहायला. गाठीच्या पाठपुराव्यासाठी या रुग्णांचे सीटी तसेही होत राहतात. प्रत्येक वेळी जुनी सीडी सोबत न्यावी आणि उरलेल्या प्रत्येक क्लिपची जागा मागच्या स्कॅनशी ताडून लिहायला सांगावी. मागच्या वेळी चरबीत असलेली क्लिप या वेळी कॅप्सूलच्या आत दिसली, तर खडा धरण्याची वाट न पाहता तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं.